मानलेल्या मेहुण्याकडची वसुली

मिस्त्रीला तिथली भाषा सेंटिमीटरपुरती येत होती. लांबी, रुंदी, जाडी, दार डावीकडे उघडणार की उजवीकडे, माल कधी येणार, पैसे कधी मिळणार, एवढं तो न अडखळता बोलायचा. शिव्याही येत होत्या, पण त्या सगळेच लवकर शिकतात. यापलीकडे कोणी काही विचारलं, म्हणजे सुट्टीत काय केलंत किंवा पाठ कशी आहे, की तो नुसता हसायचा. नऊ वर्षं तो असा हसत होता. त्यामुळे आसपासच्या दुकानदारांचं मत झालं होतं की हा सुतार भलताच आनंदी स्वभावाचा आहे.

परदेशी आला तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. पहिली पाच वर्षं त्याने एका मोठ्या फर्निचर कारखान्यात पगारावर काढली. कारखाना बंद पडला तेव्हा मिस्त्रीने शहराच्या कडेला, टायरच्या गोदामामागे, एक शेड भाड्याने घेतली आणि दुकानांचं फर्निचर करायला लागला. काउंटर, रॅक, आरसे लावलेले खांब, कपडे घालून बघायच्या खोल्या. हाताखाली दोन कारागीर होते, दोघे दोन वेगळ्या देशांतले. तिघांमध्ये एकही भाषा धड सामाईक नव्हती. दिवसभर शेडमध्ये मशीन बोलायचं आणि माणसं खुणा करायची.

घरी बायको होती. ती एका शाळेच्या कार्यालयात लिपिक. नऊला घर सोडायची, साडेपाचला परतायची. एकुलत्या मुलीचं लग्न झालं होतं. पूर्वी फोनला मिनिटामिनिटाचे पैसे पडायचे, तेव्हा नवरा-बायको घाईघाईने का होईना, पुष्कळ बोलायचे. फुकटचा फोन आल्यापासून बोलणं कमी झालं होतं. "जेवलात?" "जेवलो. तू?" "झालं." "बाकी?" "बाकी काही नाही." मग दोघेही थोडा वेळ एकमेकांचे पंखे ऐकत बसायचे.

मिस्त्रीचा धंद्याचा नियम पक्का होता. अर्धे पैसे आधी, पाव सांगाडे उभे राहिल्यावर, उरलेले पाव मुठी लावताना. हा शेवटचा भाग त्याच्या उस्तादाने शिकवलेला. ड्रॉवर, कपाटं, दारं सगळं बसवून द्यायचं, पण मुठी आपल्या पिशवीत ठेवायच्या. "कपाट कितीही देखणं असू दे," उस्ताद म्हणायचे, "मुठीशिवाय ते उघडत नाही. आणि ते उघडल्याशिवाय गिऱ्हाइकाचा खिसा उघडत नाही." या नियमावर मिस्त्रीने देशात वीस आणि परदेशात तीन वर्षं एक पैसाही बुडू दिला नव्हता.

तो नियम मोडला तो एका कपड्यांच्या शोरूममध्ये, भिंतीचं माप घेताना.

माणूस कुठेही जावो, आकडे आपल्याच भाषेत मोजतो. मिस्त्री गुडघ्यावर बसून टेप धरून पुटपुटत होता, "पाचशे साठ... छे, एकसष्ट... बासष्ट?"

"बासष्टच धरा," मागून आवाज आला. "भिंत कुणी हातभर तिरकी बांधलीय मेल्याने."

टेप सटकन आत गेली. मिस्त्रीने वळून पाहिलं. शोरूमचा मालक होता तो. चाळिशीचा, गोरटेला, अंगात उंची शर्ट, पायांत मोजे न घालता बूट. गेल्या अकरा महिन्यांत समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसाच्या तोंडून मिस्त्रीने आपल्या भाषेतलं पहिलं वाक्य ऐकलं होतं, आणि त्यात 'मेल्याने' हा शब्द होता.

"तुम्ही... आपल्याकडचे?"

"मग काय तर! गाव कुठलं?"

मिस्त्रीने गाव सांगितलं. मालकाने मान हलवली. ते त्याला लांबचं निघालं. मालकाने आपलं सांगितलं. तिथे मिस्त्री कधी गेला नव्हता. आता इथे दुसरा कोणी असता तर बोलणं मापावर परत आलं असतं. पण आपली माणसं एवढ्यावर सोडत नाहीत.

"आणि सासुरवाडी?"

मिस्त्रीने बायकोचं माहेर सांगितलं मात्र, मालक खुर्चीतून उठलाच.

"काय सांगता! अहो, माझी मावशी दिलीय तिथे! पाराच्या मागचं दुसरं घर. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी काढलीय मी त्या अंगणात. म्हणजे तुमच्या मिसेस... वहिनी... छे, वहिनी कसल्या! मावशीच्या गावची लेक म्हणजे आमची बहीण. ताई आमची! अहो, भाऊजी निघालात की तुम्ही!"

पाच मिनिटांत नातं जुळलं आणि त्याच पाच मिनिटांत आगाऊ रक्कम गेली. मेहुण्याकडे अर्धे पैसे आधी कसे मागायचे? मिस्त्रीने एकदा मागून पाहिले, नाही असं नाही. लाकडाचा भाव काढला, प्लायवूडवाला उधार देत नाही म्हणाला. मेहुण्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊजी, तुम्ही सुरू तर करा. पैसा कुठे पळतोय?"

मिस्त्रीने स्वतःची साठवण काढून माल घेतला. ही साठवण कशासाठी होती ते सांगायला हवं. घराजवळच्या हमरस्त्याला एक पत्र्याची शेड विकाऊ होती. ती घ्यायची, तिच्यात एक कापायचं मशीन बसवायचं, दारावर आपली पाटी लावायची आणि पुन्हा कुठे जायचं नाही. पैसे बऱ्यापैकी जमले होते. शोरूमचं काम मोठं होतं, एकाऐवजी दोन दुकानांचं. त्यातून सुटेल त्या नफ्यावर शेड, मशीन आणि वर वर्षभराचा दाणागोटा निघत होता. निवासाचा परवाना आणखी दीड वर्षाचा होता. तो संपला की नवा दोन वर्षांचा काढावा लागणार होता. मिस्त्रीने बायकोला सांगून टाकलं, "हा परवाना शेवटचा."

"लिहून ठेवू का?" तिने विचारलं होतं.

काम सात आठवडे चाललं. मेहुणा रोज यायचा. इतर गिऱ्हाइकं येतात ती फटी शोधायला. हा स्टूल ओढून बसायचा आणि मावशीच्या गावच्या गोष्टी सांगायचा. एकाने नवी सायकल घेतली आणि टायर झिजतील म्हणून वर्षभर हातात धरून चालवली. एका म्हातारीने जावयाला दुपारच्या उन्हात अंगणात उभं केलं, कारण घरातलं सारवण ओलं होतं आणि घामाने भिजलेला जावई सुकायला वेळ लागत नाही, सारवणाला लागतो. मिस्त्री रंधा मारता मारता हसायचा, आणि हे हसणं नऊ वर्षांच्या हसण्यातलं नव्हतं. दोन्ही कारागीर हात थांबवून त्याच्याकडे बघत राहायचे.

उद्घाटन शुक्रवारी होतं. गुरुवारी सगळं उभं राहिलं, झळकलं. मेहुण्याने एका ड्रॉवरवरून हात फिरवला. "भाऊजी, मुठी राहिल्या वाटतं?"

मुठी मिस्त्रीच्या पिशवीत होत्या. एकशे अठरा. पितळी मुलाम्याच्या. पिशवी त्याच्याच पायाशी होती आणि त्याला तिची एवढी लाज वाटली की ती त्याने पायाने काउंटरखाली सरकवली. "आत्ता लावतो," तो म्हणाला. कारागीर घरी गेले होते. त्याने एकट्याने रात्री उशिरापर्यंत एकशे अठरा मुठी लावल्या आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली.

*

वसुलीचा वार गुरुवार ठरला, तो मेहुण्याच्या सोयीने. गुरुवारी दुकानात गर्दी कमी असते म्हणाला.

शोरूमच्या मागे काचेची एक खोली होती. मिस्त्री दुपारी तीनला जायचा. त्याच्यासाठी एक ठरलेली खुर्ची होती. तिच्यात बसलं की समोर त्यानेच केलेला शर्टांचा रॅक दिसायचा. त्याची वरून तिसरी फळी दोन मिलिमीटर डावीकडे उतरली होती, आणि ते जगात फक्त मिस्त्रीला माहीत होतं. मेहुणा स्वतः उठून किटली लावायचा. आलं किसून घालायचा. "इथल्या लोकांना चहा म्हणजे पानं भिजवलेलं पाणी. या, बसा. ताई काय म्हणतेय?"

पैशाचा विषय शेवटच्या घोटाला निघायचा. तो मिस्त्रीच काढायचा, कप खाली ठेवता ठेवता, जणू चमचा मागतोय.

"तेवढं आपलं..."

"अहो, आहे ना डोक्यात! पुढच्या आठवड्यात नक्की."

पुढचा आठवडा यायचा. आठवड्यांना काही काम नसतं. दोनदा थोडी रक्कम मिळाली, प्लायवूडवाल्याचं तोंड बंद होण्याइतकी. एकदा चेक मिळाला, तो बँकेतून परत आला. मेहुणा बँकेवर इतका संतापला की मिस्त्रीनेच त्याला शांत केलं. गुरुवार संपला की मिस्त्री बसने शेडवर परतायचा. खिसा रिकामा, पण तोंडात दोन तास बोलल्याची ऊब. कोणी शपथेवर विचारलं असतं, तर त्या दिवशी आपण तोट्यात गेलो असं त्याला म्हणता आलं नसतं.

असे चौदा महिने गेले.

बायकोच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. लिपिकाची नजर, रकान्यात काय नाही ते तिला आधी दिसतं.

"आज गुरुवार. गेला होतात?"

"गेलो होतो. तुला नमस्कार सांगितलाय."

"मला कशाला?"

"भाऊ लागतो ना तुझा."

"मला तीन भाऊ आहेत," ती म्हणाली. "तिघांनाही मी चांगली ओळखते. त्यांतला एकही कपड्यांचं दुकान चालवत नाही." मग जरा थांबून, "माहेरी गेले होते तेव्हा चौकशी केली मी. पारामागची ती बाई खरीच त्याची मावशी आहे."

"बघ! मी म्हणालो नव्हतो?"

"तिला म्हटलं, तुमच्या भाच्याकडे आमचे पैसे अडकलेत. तर मलाच म्हणाली, माझे मिळाले तर तुला कळवते. तिचीही पाटल्या मोडून दिलेली रक्कम आहे म्हणे. पाच वर्षं झाली."

मिस्त्रीने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"तुम्ही तिथं पैशासाठी जाता की चहासाठी?"

पंख्यांचा आवाज ऐकून झाल्यावर तिने फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारी तो ठरवून गेला. चहा यायच्या आतच म्हणाला, "परवाना संपायला दहा आठवडे राहिलेत. मला जायचंय. माझे सगळे द्या."

मेहुणा आलं किसत होता. त्याने किसणी खाली ठेवली. तो काही बनेल माणूस नव्हता, निदान मिस्त्रीला तसा कधी वाटला नाही. त्याने खरं तेच सांगितलं.

"भाऊजी, तुमच्याशी कशाला खोटं बोलू? दुसरं दुकान बसलंय. जागेचं भाडं, बँकेचा हप्ता, कपडेवाल्यांची बिलं. जो येतो तो कागद घेऊन येतो. महिन्याला जेवढं येतं तेवढं त्यांना जातं. परक्यांचे आधी द्यावे लागतात हो. ते थांबत नाहीत. घरच्यांचे मागे राहतात, कारण घरचे समजून घेतात." त्याने किसणी पुन्हा उचलली. "तुम्ही घरचे आहात म्हणून तर एवढं सांगितलं. दुसरा असता तर आत बसवला असता का?"

मिस्त्रीला यात कुठेही खोट सापडली नाही. त्याने चहा घेतला. परत येताना बसमध्ये त्याच्या लक्षात आलं की चौदा महिन्यांत आपल्याला पैशाबद्दल मिळालेलं पहिलं सरळ उत्तर हेच.

*

हिशेबनीस बाई तिथलीच होती. साठीच्या घरातली, जाड भिंगाच्या चष्म्याची. धुलाईच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून ती मिस्त्रीसारख्या दहा-बारा छोट्या कारागिरांचे कराचे कागद भरायची. ती हळू बोलायची आणि बोटांनी कागदावर दाखवायची, म्हणून मिस्त्रीला तिचं बोलणं कळायचं.

"करारपत्र?" तिने विचारलं.

"नाही."

"आगाऊ रकमेची पावती?"

"आगाऊ घेतली नाही."

"काम पूर्ण झाल्याचा सहीचा कागद?"

"नाही."

बाईने चष्मा काढून पुसला. "मग दर गुरुवारी तिथे जाऊन घेत काय होता?"

"चहा."

बाई हसली नाही. तिने लाकडाच्या, काचेच्या, बिजागऱ्यांच्या पोचपावत्या मागितल्या. त्या होत्या. सगळ्यांवर शोरूमचा पत्ता होता आणि निम्म्यांवर मेहुण्याच्या माणसाची सही. मग तिने फोनवरचे निरोप मागितले. तेही होते, ढीगभर. पण ते आपल्या भाषेत. बाईने कोरा कागद पुढे केला. "एकेक वाचा. अर्थ सांगा. मी लिहिते. नंतर शिक्क्याचा भाषांतरकार तपासून देईल."

मिस्त्री वाचायला लागला. 'भाऊजी, या आठवड्यात जमलं नाही, माफी असावी. पुढच्या महिन्यात निम्मे देतो.' 'भाऊजी, रक्कम डोक्यात आहे. ताईला नमस्कार.' 'भाऊजी, आज येऊ नका, दुकानात बँकवाले आहेत. उद्या या, निवांत बसू.' बाई लिहीत होती आणि खूश होत होती. रक्कम देणं लागतो हे त्या माणसाने स्वतःच्या हाताने अकरा वेळा लिहून दिलं होतं. मग तिचं पेन थांबलं.

"हे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला येतंय ते काय? त्याचं नाव?"

"नाही. ते मी. म्हणजे... बहिणीचा नवरा."

"तो तुमच्या बायकोचा भाऊ आहे?"

"नाही."

"चुलत?"

"नाही. त्याची मावशी माझ्या बायकोच्या गावात राहते."

बाई वाट बघत राहिली. तिला वाटलं, वाक्य अजून पुरं व्हायचंय.

"एवढंच," मिस्त्री म्हणाला.

बाईने पेन खाली ठेवलं आणि नेहमीपेक्षा हळू बोलली. छोट्या व्यापाऱ्यांच्या थकबाकीचं जे कार्यालय आहे ते तीन आठवड्यांत निकाल लावतं. नोटीस जाते, पैसे भरले नाहीत तर दुकानाला सील लागतं. पण ते कार्यालय नात्यातला व्यवहार घेत नाही. नात्यातलं असेल तर मोठ्या कोर्टात जा, वकील करा, तीन वर्षं थांबा. आणि इथे तर पानोपानी नातं लिहिलंय. म्हणून अर्जासोबत एक निवेदन जोडावं लागेल. त्याची प्रत समोरच्यालाही जाते.

तिने ते लिहिलं, मिस्त्रीपुढे सरकवलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचून दाखवलं. हा मनुष्य माझा कोणीही लागत नाही. रक्ताने नाही, लग्नाने नाही. आमचा संबंध केवळ धंद्याचा आहे.

सगळं खरं होतं. यातला एक शब्दही त्याला खोटा म्हणता आला नसता.

"सही," बाई म्हणाली.

"उद्या केली तर?"

"परवान्याला किती दिवस आहेत?"

मिस्त्रीने मनात मोजले. आपल्या भाषेत. सदुसष्ट. मग त्याने पेन घेतलं. नाव लिहायला त्याला इतका वेळ लागला की बाईने मध्येच उठून खिडकी लावून घेतली. पाऊस नव्हता, वारंही नव्हतं.

"आणि आता तिकडे जायचं नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. चहालासुद्धा नाही. तुम्ही गेलात की तो म्हणेल, बघा, येणं-जाणं आहे."

पहिल्या गुरुवारी मिस्त्रीने शेड झाडली. गुरुवारी शेड कधी झाडली जात नसे, त्यामुळे कारागीरही बावरून झाडू लागले. दुसऱ्या गुरुवारी तो बसमध्ये बसला आणि शोरूमच्या दोन थांबे अलीकडे उतरला. तिथे एक चप्पल दुरुस्तीचं दुकान होतं. काचेत मांडलेले पट्टे बघत तो वीस मिनिटं उभा राहिला आणि पलीकडच्या बाजूने परतीची बस धरली. मेहुण्याचा फोन आला नाही. निरोपही नाही. नोटीस पोचली होती. पोचल्याची पावती बाईकडे आली होती. मिस्त्री दिवसातून चार-पाच वेळा फोन काढून बघायचा. 'भाऊजी, हे काय केलंत?' एवढं जरी आलं असतं तर त्याला चाललं असतं. खरं तर तेच यावं असं त्याला वाटत होतं.

त्या दिवसांत काम करताना तो मोठ्याने मोजायला लागला. पूर्वी पुटपुटायचा. कारागिरांतला एक, उंच होता तो, तिसऱ्या आठवड्यात एक फळी धरून म्हणाला, "बासष्ट?" आकडा चुकीचा होता, फळी चाळीसची होती. मिस्त्रीने तरी मान डोलावली.

*

पैसे बाईच्या खोलीत मिळाले, एका सोमवारी, परवाना संपायला एकतीस दिवस असताना. दहावा हिस्सा सोडायचा आणि बाकीचे एकरकमी घ्यायचे असं बाईने ठरवून आणलं होतं. मिस्त्री वेळेआधी येऊन बसला होता. त्याने दाढी केली होती. मनाशी दोन-तीन वाक्यं जुळवली होती. कागदावर तसं लिहावं लागलं, मनात काही नाही. कधी तिकडे आलात तर घरी या. असलं काहीतरी.

मेहुणा आला. थोडा वाळला होता. त्याने बाईला अभिवादन केलं, मिस्त्रीला केलं, दोघांना सारखंच, तिथल्या भाषेत. ती भाषा तो सफाईने बोलायचा. इतकी सफाईने की मिस्त्रीला निम्मंच कळत होतं. बँकेचा कागद त्याने टेबलावर ठेवला आणि बाईला म्हणाला की सुतारांना रक्कम तपासून घ्यायला सांगा.

"दुसरं दुकान कसं चाललंय?" मिस्त्रीने विचारलं. आपल्या भाषेत.

मेहुण्याने सही कुठे करायची ते बाईला विचारलं.

बाईने दाखवलं. त्याने सही केली, मिस्त्रीने केली, बाईने शिक्का मारला. यात राग नव्हता. मिस्त्री त्याच्या चेहऱ्यावर राग शोधत होता, पण तो नव्हता. मेहुण्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते जागेच्या मालकाशी किंवा बँकेच्या माणसाशी फोनवर बोलताना असायचं. मिस्त्रीने काचेच्या खोलीत बसून ते कितीतरी वेळा पाहिलं होतं, आणि फोन ठेवला की मेहुणा त्याच्याकडे वळून डोळा मारायचा. आज वळायला दुसरं कोणी नव्हतं. परक्यांचे आधी. मिस्त्रीचे पैसे आता आले होते.

मेहुणा निघाला. जिन्यात त्याचा फोन वाजला.

"बोला काका!" त्याचा आवाज मोकळा झाला, जिनाभर घुमला. "अहो नाही हो, विसरतोय कशाला! ऐका तर खरं... अहो, ऐका तर..."

मिस्त्री उठून दारात आला. कठडा धरून खाली वाकला. आवाज एकेक पायरी उतरत गेला, मधेच हसला, मग खालचं दार लागलं. बाईने आतून हाक मारली तरी तो थोडा वेळ तसाच वाकून उभा होता.

रस्त्यावर येऊन त्याने घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सहा झाले असणार.

"मिळाले," तो म्हणाला.

"सगळे?"

"दहावा हिस्सा सोडला."

"सुटू दे. जिवावरचं बोटावर गेलं." मग ती म्हणाली, "रागावू नका, पण एक सांगायचं राहिलं होतं. शेडवाल्याला मी दोन महिन्यांपूर्वीच विसार दिलाय. माझ्या पगारातला. तो गिऱ्हाईक बघायला लागला होता."

"दोन महिन्यांपूर्वी? तेव्हा पैशाचं काही नक्की नव्हतं."

"तुमचं नक्की नव्हतं. माझं होतं. तो आमच्या माहेरकडचाच आहे, भाऊ म्हणवतो. पावती घेतली मी."

मिस्त्री हसला. समोरून जाणाऱ्या एका बाईला वाटलं तिलाच हसला, म्हणून तीही हसली.

"आणखी एक सांगून ठेवते," बायको म्हणाली. "नऊ वर्षं मी एकटी राहिलेय. तुम्ही याल आणि दिवसभर मला बोलत बस म्हणाल, तर मी नसते घरी. नऊला जाते."

"माहीत आहे."

"दार बंद असतं. किल्ली शेजारी देऊन ठेवेन. काय?"

"साडेपाचनंतर?"

"साडेपाचनंतर असते की. कुठे जाणार?" आणि मग, पंखे ऐकायची वेळ झाली असताना, ती म्हणाली, "काय बोलायचं ते मात्र तुम्ही ठरवून या. माझं बोलणं शाळेतल्या फायलींचं. तुम्हाला मावशीच्या गावच्या गोष्टींची सवय."

"फायलींचं सांग," मिस्त्री म्हणाला.

"आत्ता?"

"आत्ता."

तिने सांगितलं. मुख्याध्यापकांनी बदलीचा अर्ज चुकीच्या फायलीत लावला, तो तीन दिवस सापडेना, आणि शेवटी शिपायाच्या डब्याखाली निघाला, तेलाचे डाग पडलेला. गोष्ट तशी काही खास नव्हती आणि तिला ती रंगवताही येत नव्हती. मिस्त्रीने दोन बस सोडल्या.

बुधवारी तो तिकिटाच्या कार्यालयात गेला. काउंटरवरच्या मुलीने पडदा त्याच्याकडे वळवून दोन विमानं दाखवली. एक पहाटे पोचणारं, दुसरं दुपारी एकला. पहाटेचं बरंच स्वस्त होतं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. कामाचे कपडे, भुशाने भरलेल्या भुवया. तिला उत्तर माहीतच होतं.

मिस्त्रीने हिशेब केला. पहाटेच्या विमानाने उतरलं तर बस धरून अकराला दारात. दार बंद, किल्ली शेजारी. दुपारच्याने उतरलं तर संध्याकाळी सात.

"हे," तो म्हणाला आणि महागावर बोट ठेवलं.

मुलीने काहीतरी विचारलं. का, असंच असणार. ते शब्द त्याच्या सेंटिमीटरपलीकडचे होते. नऊ वर्षांच्या सवयीने त्याचा चेहरा हसायला निघाला होता, तो थांबला. मग त्याने आपल्याच भाषेत, सावकाश, तिला सगळं सांगितलं. बायको साडेपाचला येते. त्याआधी घरी कोणी नसतं. मुलीला एक अक्षर कळलं नाही. तिने मान हलवली आणि दुपारचं तिकीट काढून दिलं.